वीस टक्के जमवले, तरी साडेसहा लाख कमी पडले

"बँक ८० टक्के देते, आम्ही २० टक्के साठवलेत. मग अडतं कुठे?" घर घेऊ पाहणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो. पुण्यातलं एक नोकरदार जोडपं हाच हिशेब घेऊन आमच्याकडे सल्ल्याला आलं. महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट, करारातली किंमत ६२ लाख, हातात १४ लाख. बिल्डरने दिलेल्या किमतीच्या तक्त्याच्या (कॉस्ट शीट) तळाशी बारीक अक्षरांत 'शासकीय कर व शुल्क वेगळे' अशी ओळ होती. दोघांनी ती वाचली होती, पण तिच्यापुढे आकडा कोणीच मांडला नव्हता.

तो मांडला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४,३४,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. जीएसटी ५ टक्के, ३,१०,०००. कर्जासाठी घराची कागदपत्रं बँकेकडे तारण ठेवताना त्या करारावर पुन्हा मुद्रांक लागतो. ४९,६०,००० च्या कर्जावर ०.३ टक्क्यांनी १४,८८०. बँकेची प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २०,४८५. बेरीज ८,०९,३६५. स्वतःचा वाटा १२,४०,००० धरला की गरज साडेवीस लाखांच्या घरात जाते.

हा वरचा खर्च कर्जात बसवता येईल, अशी आशा जवळपास प्रत्येकाला असते. ती सोडलेली बरी. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची आहे आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाहीत. जीएसटीबाबत बँकेबँकेत फरक पडतो, म्हणून मंजुरीपत्र हातात पडण्याआधीच विचारावं.

मुद्रांकात वाचवायची एक सरळ वाट होती. महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. इथे ६२,००० रुपये. नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून घातलं की सवलत गेली. तो कर्जात सहकर्जदार मात्र राहू शकतो. पण मालकीत नाव नसेल तर आयकराच्या जुन्या प्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही. हा नवरा नव्या प्रणालीत होता आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाहीच, म्हणून तोटा शून्य. तरीही मालकी कोणाची हा प्रश्न ६२ हजारांपेक्षा मोठा आहे. तो दोघांनी घरी बसून, मोकळेपणाने बोलून सोडवावा असं आम्ही सुचवलं. आठवड्याने पत्नीच्या नावावर घ्यायचं ठरलं.

मग कोणता पैसा कधी लागतो ते पाहिलं. जीएसटी एकरकमी नसतो, प्रत्येक हप्त्याबरोबर जातो. बँक साधारणपणे ग्राहकाचा वाटा आधी भरायला लावते; त्या वाट्यावरचा जीएसटी ६२,०००, उरलेले २,४८,००० पुढे बांधकामाचा एकेक स्लॅब पडेल तसे. तूट आता साडेसहा लाखांवरून सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली.

नेमकं इथेच एजंटाने सुचवलं, "सध्या नोटरी करून घ्या, १५ टक्के भरा, रजिस्ट्रेशन नंतर बघू." यात फार लोक फसतात, म्हणून स्पष्ट सांगतो. नोटरी फक्त सही तुमचीच असल्याची साक्ष देतो. त्या शिक्क्याने मुद्रांक भरला जात नाही, नोंदणी होत नाही, बँक हप्ता सोडत नाही. शिवाय रेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा) याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. या फ्लॅटसाठी ही मर्यादा ६,२०,०००. सही झाल्यावर नोंदणीला मुदत ४ महिन्यांची, पुढे दंड. नोटरी लागतो तो बँकेच्या प्रतिज्ञापत्रापुरता, आणि तो खर्च किरकोळ असतो.

त्यांनी ३ लाख भरून बुकिंग धरलं आणि नोंदणीची तारीख बिल्डरकडून लेखी घेतली. दिवाळीचा बोनस, पत्नीची भिशी आणि एक मुदत ठेव यांतून तूट भरली. नोंदणी मार्च संपण्याआधी ठेवली, कारण रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे, दर बदलले तर १ एप्रिलपासून बदलतात, आणि करारातली किंमत व रेडी रेकनर यांत जे जास्त त्यावर मुद्रांक लागतो.

दोन गोष्टी त्यांना कागदावर लिहून दिल्या. पहिली टीडीएसची. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून सरकारजमा करायची जबाबदारी खरेदीदाराची, महिना संपल्यापासून ३० दिवसांत. उशीर झाला तर व्याज, शिवाय त्याचं विवरणपत्र उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये. हा जादा खर्च नव्हे, बिल्डरच्याच पैशातला भाग आहे. पण बँकेने पूर्ण हप्ता परस्पर दिला तर तो आधी खिशातून जातो, म्हणून बँकेला वितरणाआधी कळवायचं. दुसरी ताब्याच्या वेळची: ९०० चौरस फुटांना महिना ३ रुपये दराने दोन वर्षांचा देखभाल खर्च ६४,८०० आणि बिल्डरने त्यावर १८ टक्के जीएसटी लावल्यास ७६,४६४. त्यासाठी त्या महिन्यापासूनच वेगळं आवर्ती खातं उघडलं.