ऑफिसच्या लॅपटॉपवर गिट टाकताना

विंडोजने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला तर आधी आयटीवाल्यांना विचार. त्यांची हरकत नसेल तर गिटची (म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) पोर्टेबल, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती स्वतःच्या फोल्डरमध्ये उघड आणि आतल्या 'सीएमडी' फोल्डरचा पत्ता तुझ्या युजरच्या 'पाथ'मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घाल. मग टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बंद करून नवं उघड, जुन्या खिडकीला बदललेला पाथ कळत नाही. माझी अख्खी दुपार यात गेली होती.

क्लोन करताना, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडची प्रत उतरवताना, सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा) एरर आला तर बहुधा ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्यातून होते तो सर्व्हर, मध्ये असतो. 'एसएसएल व्हेरिफाय' बंद कर असं कुणीही सांगेल, ते मुळीच करू नकोस. समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही ही तपासणीच त्याने निघून जाते. त्याऐवजी गिटच्या सेटिंगमध्ये 'एसएसएल बॅकएंड'ला 'एसचॅनल' (विंडोजची स्वतःची सर्टिफिकेट तपासणारी यंत्रणा) दे, म्हणजे आयटीने विंडोजमध्ये बसवलेली सर्टिफिकेटं गिटही मानतं.