वाचकांचे प्रश्न : सॅकचे बक्कल आणि पट्टे

प्रश्न : हरिश्चंद्रगडावरून तोलारखिंडीच्या वाटेने उतरताना माझ्या ६० लिटरच्या सॅकच्या कंबरपट्ट्याचे बक्कल दगडावर आपटले आणि फुटले. फुटलेला भाग पट्ट्यात शिवलेला आहे. संपूर्ण कंबरपट्टा उसवावा लागेल, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. सॅक एरवी धडधाकट आहे. काय करावे?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : कंबरपट्टा उसवू देऊ नका. तो फोमच्या थरांसह जड यंत्रावर शिवलेला असतो आणि एकदा उसवला की शिवण पुन्हा तितकीच मजबूत बसेल, याची खात्री देता येत नाही. अशाच प्रसंगासाठी ज्यांच्या दांडीला चीर ठेवलेली असते, अशी बक्कले मिळतात. फुटलेला भाग पट्ट्याला धक्का न लावता कटरने तोडून काढावा, शिवलेला वेढा चिरेतून कडेने आत सरकवावा. एकही टाका घालावा लागत नाही.

खरेदीपूर्वी मात्र पट्टीने मोजमाप घ्या, आणि तेही बक्कलाचे नव्हे, तर पट्ट्याच्या रुंदीचे, कारण बक्कलाचा आकार पट्ट्याच्या रुंदीवरूनच सांगितला जातो. कंबरेला बहुधा ३८ किंवा ५० मिलिमीटरचा, तर छातीला २० किंवा २५ मिलिमीटरचा पट्टा असतो. ३८च्या पट्ट्याला ५०चे बक्कल लावल्यास पट्टा तिरका होतो आणि ओझ्याखाली सरकत राहतो. शिवाय बक्कलाचे दोन्ही भाग एकाच जोडीतले घ्यावेत. निरनिराळ्या कंपन्यांचे दाते एकमेकांत बसतातच असे नाही, आणि बसल्यासारखे वाटले तरी चढणीवर नेमके निसटतात. (माझ्या खणात अशी विजोड बक्कले मूठभर तरी सापडतील.)

प्रश्न : मॅट आणि ओला तंबू सॅकच्या बाहेर बांधण्यासाठी जास्तीचे पट्टे शिवून घ्यावेत का? घरी सुती नवार शिल्लक आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नवार खाटेलाच राहू द्यावी. ती पाणी पिते, लवकर वाळत नाही आणि पावसाळ्यात कुजू लागते. नायलॉनचा पट्टा मजबूत खरा, परंतु भिजल्यावर थोडा ताणला जातो, त्यामुळे सकाळी करकचून बांधलेली मॅट दुपारच्या सरीनंतर लोंबू लागते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते व पाणी शोषत नाही, पण उन्हाने लवकर कमजोर होते. सतत बाहेर राहणाऱ्या पट्ट्यासाठी मी पॉलिएस्टरच घेतो.

शिवण्याविषयी म्हणाल, तर सॅकच्या अंगावर नवी शिवण शक्यतो घालूच नये, कारण सुईचे प्रत्येक छिद्र आतला जलरोधक थर भेदते आणि तिथून पाणी झिरपते. बहुतेक सॅकला तळाशी आणि बाजूंना कापडी वेढे मुळातच असतात. त्यांतून २० मिलिमीटरचा पट्टा ओवून त्याला जिन्यासारख्या दांड्यांचे बक्कल लावले की काम होते आणि नको तेव्हा पट्टा काढूनही ठेवता येतो. कापलेले टोक लायटरने वितळवून बंद करावे, पण ते बोटाने दाबू नये. वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटते. मग तेच टोक दुमडून शिवावे, म्हणजे पट्टा बक्कलातून निसटून दरीत जात नाही. शिवण चौकट आणि तिच्यात फुली अशी, पॉलिएस्टरच्या धाग्याने घालावी.

प्रश्न : प्रस्तरारोहणाच्या हार्नेसचा पट्टा बक्कलापाशी कातरला आहे. आमच्याकडचा चांभार फार पक्के शिवतो. त्याच्याकडून शिवून घेतला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सॅकचा पट्टा तुटला तर ओझे पडते, इथे माणूस पडेल. चांभाराच्या कसबाविषयी शंका नाही, पण झटका बसल्यावर ती शिवण किती भार पेलेल, हे तपासण्याचे साधन ना त्याच्याकडे आहे, ना आपल्याकडे. हार्नेस टाकून देण्यापूर्वी त्याचे पट्टे कापून तुकडे करा, नाहीतर भंगारातून उचलून कोणीतरी तो पुन्हा कड्यावर नेईल.