पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

कॅम्पस मुलाखतींच्या आत गिटहबवर (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर) काहीतरी दिसायला हवं, तर ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. हे 'काहीतरी दिसायला हवं' आधी डोक्यातून काढ. ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. २०२०मध्ये त्यात चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे 'माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशा चार विनंत्यांवर, टी-शर्ट मिळायचा. लोकांनी रीडमीमधला (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधला) एखादा शब्द इकडेतिकडे करून प्रकल्पांना अक्षरशः वैताग आणला. शेवटी, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तिथलंच काम धरायचं, असा नियम आयोजकांना महिना सुरू होताच करावा लागला. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, बहुतेकदा नोकरी-संसार सांभाळून रात्री हे काम बघत असतो. त्याचा वेळ वाचेल असं काहीतरी घेऊन जा, एवढंच माझं सांगणं आहे.

रोज वापरतोस असंच सॉफ्टवेअर निवड. हातभार कसा लावायचा ते सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग फाइल वाच, मग जुने इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी आणि सूचना, वाच. नाकारलेल्या पुल रिक्वेस्टखालची चर्चा तर जरूर वाच. प्रकल्पाला काय चालतं आणि काय नाही, ते तिथेच कळतं.

कोडच्या आधी एक चांगला बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष कळवणारी नोंद, लिही. समजा, एखाद्या एडिटरमध्ये तू 'दुसऱ्या' शोधलंस आणि समोर दिसणारा शब्दच सापडला नाही. 'मराठी सर्च चालत नाही' एवढं लिहून कुणाला काहीच करता येणार नाही. जरा खोदून बघ. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी साठवला जातो. कुठे 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत, तर कुठे साधा 'र', हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. हे कळलं की दोन्ही रूपं असलेली छोटी फाइल जोड. व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, कीबोर्ड लिही. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं ते क्रमाने सांग. देवनागरीचा गंध नसलेल्या माणसालाही तो दोष स्वतःच्या मशीनवर घडवून बघता आला पाहिजे. हे काम मराठीत टाइप करणारा तुझ्यासारखाच करू शकतो.

दुरुस्ती स्वतः करणार असशील तर आधी इश्यूमध्ये विचार. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेव. एआयने लिहिलेला, तुला ओळीओळीने समजावून सांगता न येणारा कोड पाठवू नकोस. उत्तर आलं नाही तर आठवडा-दोन आठवडे थांबून एकदाच नम्रपणे आठवण कर. २०२४मध्ये उघडकीस आलेलं एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं) प्रकरण वाच. थकलेल्या मेंटेनरमागे 'उशीर का' म्हणून तगादा लागला, आणि मदतनीस बनून आत आलेल्याने पुढे त्या सॉफ्टवेअरमध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं. अनोळखी माणसाच्या घाईकडे लोक संशयाने बघतात, ते रास्तच आहे.

कोड जड वाटला तर ओपनस्ट्रीटमॅप आहे, लोकांनीच मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा. २०२७च्या सिंहस्थाला बाहेरगावची माणसं पंचवटीच्या गल्ल्यांत वाट शोधत फिरतील. रामकुंडाच्या आसपासच्या पायऱ्या, बोळ, पाण्याचे नळ पायी फिरून बघ आणि नकाशात भर, नावं मराठीतूनही दे. गुगल मॅप्सवरून मात्र काही उतरवू नकोस. परवान्यात ते बसत नाही, केलेलं काम काढून टाकलं जातं.

बग रिपोर्टचा मसुदा झाला की पाठवण्याआधी मला दाखव. शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो, लॅपटॉप घेऊन ये.