अर्ज सात, नोटीस एकही नाही

प्रश्न : वडिलांची १८ गुंठे जमीन २०१२ साली अमलात आलेल्या विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित आहे. पालिकेने ती घेतली नाही आणि आम्हालाही बांधू दिले नाही. आता सुधारित आराखड्याचा मसुदा डिजिटल नकाशावर आला आहे. त्यात आरक्षणाची रेषा सरकलेली दिसते. नकाशा चुकीचा म्हणून दावा लावता येईल का?

उत्तर : रेषेचे नंतर बघू. जुने गाव नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवताना हद्द थोडी हलते, यात नवे काही नाही. हद्दीचा वाद निघालाच तर मोजणीची ‘क’ प्रत (म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा) आणि नगररचना विभागाचा सही-शिक्क्याचा भाग नकाशा बघतील. तुमचा स्क्रीनशॉट कोणी बघणार नाही. मसुद्यावर मुदतीत लेखी हरकत घ्या, एवढे पुरे.

तुमचे भवितव्य महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने पालिकेला नोटीस द्यायची. ती पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते आणि जमीन मोकळी होते. (ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ मध्ये २४. मालकाला वाट पाहायला लावण्यात आपला कायदा उदार आहे.) दहा वर्षे झाली की आरक्षण आपोआप उठते, असे समजून बसलेले तुम्ही पहिले नाही.

पालिकेला दिलेल्या ज्या सात अर्जांच्या प्रती तुम्ही पाठवल्या, त्या सातही मी वाचल्या. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ सातही ठिकाणी आहे, कलम १२७ एकातही नाही. २०२२ मध्ये एक नोटीस दिली असती, तर २४ महिने कधीच सरले असते.

आता घाई का, तेही सांगतो. प्रफुल्ल दवे प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नोटिशीआधीच सुधारित आराखडा अमलात आला आणि आरक्षण त्यात कायम राहिले, तर १० वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तुमच्याकडे सध्या फक्त मसुदा आहे, म्हणजे दार अजून उघडे आहे. नोटीस दिल्यावर २४ महिन्यांच्या आत नवा आराखडा मंजूर झाला तर पालिका भांडेल. तेव्हा आपली बाजू मांडण्याजोगी असेल, निकालाची हमी मी देणार नाही.

आणखी एक अडचण तुम्ही स्वतः करून ठेवली आहे. नोटिशीसोबत मालकीची किंवा हितसंबंधाची कागदपत्रे जोडावी लागतात आणि तुमच्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव! वडील गेल्यापासून चार वर्षांत वारस नोंद करायला वेळ मिळाला नाही? फेरफाराचा अर्ज आजच टाका, पण नोटीस त्यासाठी अडवून ठेवू नका. मृत्यू दाखला, सातबारा, वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून सर्व वारसांच्या सहीने ती द्या. बहिणींना वगळू नका.

‘प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे’ असे उत्तर आले तर घाबरू नका. गिरनार ट्रेडर्स प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालानुसार तेवढ्याने संपादनाची पावले उचलली असे होत नाही. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) घ्या, असेही सुचवतील. तो कधी फायद्याचा असतो, कधी नसतो. हिशेब केल्याशिवाय होकार देऊ नका आणि तोंडी तर मुळीच नको.

नोटीस आवक कक्षात स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. २४ महिने त्या तारखेपासून मोजले जातील.