नाजूक सैनिकांची निगा : संग्राहकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा सरला, कपाटं उघडली गेली आणि खेळण्यातले सैनिक, रणगाडे जमवणाऱ्यांची पत्रं यायला लागली. या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : वस्तूला कोणी हात लावला नाही, ती पडली नाही, तरी बिघडली. म्हणून प्रत्येक उत्तरात मी आधी एकच गोष्ट विचारणार आहे : ती वस्तू कशाची बनली आहे? शिसं, कडक प्लॅस्टिक, मऊ प्लॅस्टिक, रेक्झिन, माती, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

प्रश्न (रत्नागिरी) : आजोबांनी जमवलेले शिशाचे घोडेस्वार आणि शिपाई आमच्याकडे आहेत. काहींच्या पोटाखाली इंग्लंडचा शिक्का आहे. गेल्या वर्षी प्लायवूडचं नवं शोकेस करून त्यात ते ठेवले. आता घोड्यांच्या पायांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. ओल्या फडक्यानं पुसू का? नव्यानं रंगवून घेऊ का?

दोन्ही करू नका. आधी ते सगळे सैनिक त्या शोकेसमधून बाहेर काढा, आजच.

दोष त्या शोकेसमध्ये आहे. प्लायवूड, एमडीएफ, त्यांतला गोंद, वरचं ताजं पॉलिश यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ संथपणे बाहेर पडत राहते. बंद काचेआड ती साठते. शिसं, आम्लाची वाफ, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की शिशाचं कार्बोनेट तयार होतं, तीच तुमची पांढरी भुकटी. जुन्या काळी रंगासाठी लागणारा शिशाचा सफेदा मुद्दाम असाच, शिसं व्हिनेगरच्या वाफेत ठेवून, बनवत असत. तुमच्या शोकेसमध्ये तोच कारखाना चालू आहे, आणि कोकणातली हवा त्याला हातभार लावते आहे. युरोपातल्या संग्राहकांना हा धडा ओकच्या सुंदर कपाटांनी शिकवला. सागवान त्या मानानं सौम्य, पण शिशासाठी मी कुठलंच लाकूड सुचवणार नाही.

आता सैनिकांकडे वळू. हे ब्रिटन्स कंपनीचे असावेत असा अंदाज आहे. लंडनच्या या कंपनीनं १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे सैनिक बाजारात आणले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला उरलेला रस परत ओतून काढायचा. धातू कमी लागला, किंमत उतरली आणि जर्मनीहून येणाऱ्या भरीव सैनिकांना जबर स्पर्धा उभी राहिली. उभ्या शिपायाची उंची ५४ मिमी, आणि हेच पुढे या छंदाचं एक प्रमाण माप झालं. सैनिक हातात घेऊन बारकाईनं पाहा, कुठेतरी एक बारीक भोक सापडेल. पोकळ असल्याची ती खूण. ब्रिटन्सनं शिशाचं उत्पादन १९६६ मध्ये थांबवलं, म्हणजे तुमचे सैनिक त्याच्या आधीचे. घोडेस्वारांच्या डोक्यावर फेटा असेल तर आणखी जपून हाताळा. ब्रिटन्सनं बेंगॉल लान्सर्स, बॉम्बे लान्सर्स, बिकानेरचं उंटदळ अशी हिंदुस्थानी पथकंही काढली होती आणि त्यांना आजही मागणी आहे.

पोकळ असल्यामुळेच ते नाजूक आहेत. कवच पातळ, त्यात घोड्याचा पाय काडीएवढा, आणि भुकटी झाली म्हणजे तेवढा धातू गेला. तो परत येत नाही. त्यामुळे भुकटी मऊ कोरड्या ब्रशनं, गॅलरीत किंवा अंगणात, मास्क आणि हातमोजे घालून हलकेच झाडा. पॉलिश पेपर नको, चिंच-लिंबू तर मुळीच नको, तेही आम्लच. भुकटी विषारी आहे. खाली वर्तमानपत्र अंथरा, काम झाल्यावर त्याची घडी करून पिशवीत बंद करा, हात साबणानं धुवा आणि घरातल्या लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

मग ठेवायचे कुठे? पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट, काचेचे कप्पे, आणि हवा खेळायला दाराला थोडी फट. शिशाला हवाबंद पेटी मानवत नाही, आत वाफ साठवणारं काही असेल तर मुळीच नाही. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आत ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या खाली राहील इतपत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा आणि जेल ओलं झालं की बदला.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ रंग कितीही उडालेला असो, तो कारखान्यातल्या एका बाईच्या हातचा आहे, कारण हे रंगकाम बहुतेक बायकाच करत. नवा रंग चढवला की सैनिकाची किंमतही जाते आणि तो हातही पुसला जातो. मूळ लाल खोका माळ्यावर असेल तर तोही शोधा.

प्रश्न (डोंबिवली) : १/७२ मापाचा (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा) तयार रणगाडा मागवला. पेटी उघडताना अँटेना मोडली, नंतर पुसताना वरची मशिनगन निघाली. फेविक्विकनं चिकटवली तर भोवती पांढरट डाग पडला. इतकं महाग खेळणं इतकं तकलादू का?

कारण ते प्रामाणिक आहे. खऱ्या रणगाड्याची अँटेना बुडाशी १ सेंमी जाड धरली, तर १/७२ मध्ये ती भरते जेमतेम ०.१४ मिमी. मशिनगनची नळी ३ सेंमीची असेल तर इथे ०.४ मिमी. स्वस्त खेळण्यात हीच नळी काडेपेटीच्या काडीएवढी जाड करतात, ती मोडत नाही आणि खरीही वाटत नाही. बारकावा हवा असेल तर नाजूकपणा त्याच्याबरोबर येणारच. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये खऱ्या रणगाड्याजवळ उभं राहून हे एकदा डोळ्यांनी पाहा. मग घरच्या प्रतिकृतीतली कुठली नळी खरी आणि कुठली फुगवलेली, ते लगेच कळायला लागतं.

फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून तो पांढरा डाग पडतो. गोंद जास्त झाला की हटकून पडतो. मॅट व्हार्निशचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा दिसेनासा होतो. पुढच्या वेळी गोंद थेट नळीवर सोडू नका. थेंब एखाद्या प्लॅस्टिकच्या झाकणावर घ्या आणि टाचणीच्या टोकानं त्यातला कण उचलून लावा. मोडलेला भाग कडक पॉलिस्टायरीनचा असेल तर किटसाठी (सुटे भाग जोडून बनवायच्या प्रतिकृतींसाठी) मिळणारं पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिकचा खास गोंद, उत्तम. ते प्लॅस्टिक किंचित विरघळवून सांधा एकजीव करतं. मात्र सांध्यावरचा रंग आधी खरवडायला हवा, रंगावर ते धरत नाही.

अँटेना चिकटवत बसू नका, नवीन करा. किटचे भाग ज्या चौकटीला लागलेले असतात त्या स्प्रूचा तुकडा कुठल्याही किटवाल्या मित्राकडे मिळेल. तो मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन बोटं वर धरून फिरवत राहा. मध्ये चमक येऊन तो लवायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्या आणि दोन्ही हातांनी ओढा. सावकाश ओढलात तर जाडसर तार निघते, झटक्यात ओढलात तर केसासारखी. क्षणभर ताणून धरा, सरळ गोठते. हवी तेवढी कापा, काळपट रंग द्या, बसवा. पुन्हा मोडली तर पाच मिनिटांत दुसरी.

आणि फडकं कायमचं बंद. धूळ झाडायला मेकअपचा रुंद मऊ ब्रश घ्या, नेहमी वरून खाली आणि नळीच्या लांबीच्या दिशेनं. रणगाडा उचलायचा तो सांगाड्याला धरून, तोफेला कधीच नाही.

प्रश्न (नागपूर) : दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बारा इंची फिगर काही वर्षं पेटीत बंद होत्या. आता पट्टे आणि बूट सोलून निघताहेत, हात चिकट झालेत. शेजारच्या १/३५ रणगाड्याच्या किटचे रबरी ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) तर चाकांना चिकटून चाकंच वितळल्यासारखी झालीत. नागपूरच्या उन्हानं असं झालं का?

उन्हानं वेग वाढवला, मूळ कारण वेगळं. या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

बूट-पट्ट्यांचं 'चामडं' म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या ओलाव्यानं त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते आणि तो पापुद्रे सोडतो. यावर उपाय नाही, फक्त बदल आहे : खऱ्या पातळ चामड्याचा पट्टा कापून बसवा. जुना टाकू नका, पाकिटात घालून फिगरबरोबर ठेवा.

चिकट हात पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा प्लॅस्टिसायझर घातलेला असतो, तो झिरपून वर येतो. बंद पेटीत त्याला जायला वाट नसते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून कापसानं पुसा, सावलीत वाळवा आणि पुढे फिगर उघड्या कप्प्यात ठेवा. रंगवलेल्या चेहऱ्याला आधी मानेच्या मागे करून बघितल्याशिवाय काहीही लावू नका.

ट्रॅकचं कारणही तेच. हे रबरासारखे ट्रॅक मऊ व्हिनाइलचे, म्हणजे पीव्हीसीचेच, आणि त्यातला प्लॅस्टिसायझर कडक पॉलिस्टायरीनला खातो. न जोडलेल्या किटमधूनसुद्धा हे ट्रॅक आधी बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवायला हवेत. त्याच नियमानं पीव्हीसीची फिगर पॉलिस्टायरीनच्या बैठकीवर थेट उभी करू नये. आणखी एक, आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आहे. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. साड्यांच्या कपाटात किट ठेवत असाल तर गोळ्या काढा किंवा किट हलवा.

प्रश्न (कोल्हापूर) : पिशवीत मिळायचे तसले १/७२ मापाचे मऊ प्लॅस्टिकचे जुने सैनिक आहेत. बंदुका वाकल्यात, रंग टिकत नाही.

बंदूक गरम पाण्यात क्षणभर बुडवा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात धरा. पण आधी एकच निरुपयोगी सैनिक घेऊन बघा, कारण हे पॉलिथिन जुनं झालं की ठिसूळ होतं आणि संगीन कडकन तुटते. रंग टिकत नाही तो पॉलिथिनच्या गुळगुळीत अंगामुळे. साबणानं धुवा, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर द्या, त्यावर ॲक्रिलिक. गोंद यावर नीट धरत नाही.

प्रश्न (पुणे) : आईच्या लहानपणचे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे जपून ठेवले आहेत. रंग हाताला लागतो, दोघांच्या पायांशी मिठासारखं काहीतरी फुललंय, एका भालदाराचा हात तुटलाय. यांना 'संग्रह' म्हणतात का?

म्हणतात, आणि तुमचं पत्र वाचून मला या खेपेला सगळ्यांत जास्त आनंद झाला. ब्रिटन्सच्या सैनिकांची सूचीपत्रं आहेत, क्रमांक आहेत, लिलाव आहेत. आपल्या कुंभारवाड्यातल्या मावळ्यांची कसलीच नोंद नाही. कोणी साचा केला, कोणत्या साली फेट्याचा रंग बदलला, हे कुठे लिहिलेलं नाही. त्यांत मापाचाही मेळ नसतो, सिंहासनावरचे महाराज तटापेक्षा उंच आणि तोफ मावळ्याच्या गुडघ्याएवढी. तेच त्यांचं रूप आहे. आईंना विचारून कुठून आणले, साधारण कोणत्या साली, हे आत्ताच लिहून ठेवा.

आता दुरुस्ती. तळाला ओला कापसाचा बोळा हलकेच लावून पाहा : चिखल आला तर कच्ची माती, पाणी नुसतं शोषलं आणि आत लाल दिसलं तर भाजलेली, पांढरं पीठ सुटलं तर प्लास्टर. तिन्ही बाबतींत धुणं वर्ज्य, कारण हे पाण्याचे रंग आहेत. पायांशी फुललंय तो क्षार. आपण किल्ल्यावर अळीव पेरतो, रोज पाणी शिंपडतो, मावळा त्या ओल्या मातीत उभा राहून क्षारासकट पाणी वर ओढतो. वाळला की क्षार बाहेर येतो आणि रंगाला ढकलतो. कोरड्या ब्रशनं झाडा आणि हे मावळे यापुढे किल्ल्यावर उभे करू नका, त्यासाठी नवे आणा. नव्यांच्याही पायाखाली कौलाचा तुकडा ठेवा.

भालदाराच्या हातासाठी संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ मागवा. हा ॲसिटोनमध्ये विरघळणारा पारदर्शक राळेसारखा पदार्थ आहे. चुकलं तर ॲसिटोननं सांधा पुन्हा सोडवता येतो, हा त्याचा मोठा गुण. फक्त ॲसिटोन रंगावर ओघळू देऊ नका, आधी तळाशी एका ठिपक्यावर करून बघा.

प्रश्न (न्यू जर्सी) : घर बदलतोय. शंभरावर रंगवलेल्या फिगर कशा न्याव्यात?

बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका, उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आधी आम्लरहित पातळ कागद, मग बाकीचं. भाले, तलवारी, बंदुका यांच्याभोवती काहीही दाबून भरू नका, तिथे पोकळीच हवी. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे बैठकीच्या तळाला छोटं लोहचुंबक चिकटवणं आणि पत्र्याच्या डब्यात फिगर उभी करणं. मग तिला कशाचाच स्पर्श होत नाही. शिशाच्या जुन्या सैनिकांना मात्र चुंबक चिकटवू नका, त्यांना कागदात आडवं निजवा. प्रत्येक डब्यावर आतल्या मांडणीचा फोटो चिकटवा, म्हणजे उघडणाऱ्याला हात कुठे घालायचा ते आधी कळेल.