सगळंच आवडतं, पण एकावरही लक्ष टिकत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की इतिहास, आकाशदर्शन, गिटार, कोडिंग असं सगळंच तुम्हाला खेचतं. रोज तासन्‌तास व्हिडिओ आणि लेखांत जातात, सेव्ह केलेल्या गोष्टींचा ढीग झालाय, आणि तरी 'मला अमुक येतं' असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आधी एक: स्वतःला आळशी म्हणणं सोडा. आळशी माणूस एवढं वाचत नाही.

माझं मत असं आहे की आवड निवडायच्या भानगडीत पडूच नका. काम निवडा. त्याला शेवट हवा, आणि ते झालं की नाही हे तिऱ्हाइतालाही सांगता यायला हवं. 'मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकायची' हे असं काम नव्हे. 'हा एक कागद वाचून काढायचा' हे आहे.

मोडीचं उदाहरण देतोय कारण ती वाट मी चाललोय. मोडीसाठी आज तक्ते, पीडीएफ, व्हिडिओ, कार्यशाळा, फॉन्ट असं सगळं मिळतं. २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. हे नुसतं गोळा करण्यातच वर्ष निघून जाईल. माझ्यासमोर मात्र आजोबांच्या पेटीतलं एक गहाणखत होतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ओळखायचं. म्हणजे अक्षरओळख झाली तरी जमिनीचा व्यवहार कसा लिहीत हे कळल्याशिवाय ओळ लागत नाही. मग एकेक गोष्ट शोधावी लागली. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पुढे शेताच्या चतुःसीमा. आणि तळाशी, सहीच्या जागी, शाईने काढलेला बोटाच्या पेराएवढा नांगर! लिहिता न येणारा शेतकरी नांगराची निशाणी करायचा, बाई असेल तर बांगडीची. तो नांगर ओळखला तेव्हा झालेला आनंद शंभर व्हिडिओ पाहून मिळाला नसता.

काय वाचायचं हे या सगळ्यात तो कागद ठरवत होता. पानिपतावरचं सुंदर व्याख्यान समोर आलं तरी ते त्या दिवशी माझ्या कामाचं नव्हतं, आणि सोडून देताना चुकल्यासारखं वाटलं नाही. माहिती वाढली की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. तेव्हापासून माहिती कित्येक पटींनी वाढली, दिवस मात्र चोवीस तासांचाच राहिला. निवड करावीच लागते, आणि हातात काम नसेल तर कशाच्या आधारावर करणार?

दुसरी गोष्ट, एकातून दुसऱ्यात उड्या मारण्याची. सोफी लरॉय या संशोधक. त्यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. त्यांच्याच पुढच्या संशोधनातून एक उपाय निघाला, आणि तो मला फार उपयोगी पडतो. उठण्यापूर्वी दोन ओळी लिहायच्या: कुठे थांबलो, परत बसल्यावर पहिलं काय करायचं. 'चौथी ओळ, तिसरा शब्द अडलाय, सीमेवरच्या गावाचं नाव असावं.' एवढं पुरतं.

एक धरलं तर बाकीचं हातचं जाईल ही तुमची भीती मला मनापासून समजते. पण इतिहासाचार्य राजवाडे आठवा. गावोगाव हिंडून त्यांनी जुने कागद मिळवले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. आणि तरीही व्याकरण, क्रियापदांचे धातू, समाजशास्त्र यांतही ते खोलवर शिरले. भाषेचे किती प्रश्न त्यांना त्या कागदांनीच घातले असतील! एक गोष्ट खोल खणली की बाकीच्यांकडे जायच्या वाटा तिथूनच फुटतात.

तुमच्या यादीतलं आकाशदर्शन मला सुरुवातीला सगळ्यांत सोयीचं वाटतं, कारण त्याला नुसते डोळे पुरतात. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी (इंग्रजीत बेटेलज्यूज) हा तेज बदलणारा तारा आहे. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत तो नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता. या हिवाळ्यात आकाश निरभ्र असेल त्या रात्री त्याची रोहिणी आणि प्रश्वा (इंग्रजीत प्रोसिऑन) या ताऱ्यांशी तुलना करा: कोणापेक्षा तेजस्वी, कोणापेक्षा मंद. तारीख, वेळ आणि निरीक्षण वहीत लिहा. तिन्ही तारे साधारण सारख्याच उंचीवर असताना पाहा, कारण क्षितिजाजवळ तारा मुळातच फिका दिसतो. मृग मावळतीला जाईपर्यंत हे एवढंच करा. दरम्यान गिटारचा मोह झाला तर वहीच्या शेवटच्या पानावर नोंद करा आणि हिवाळा संपल्यावर ते पान उघडा.

मात्र लहानपणापासूनच कुठल्याही कामात चित्त टिकत नसेल, नोकरीत किंवा घरात त्याचा त्रास होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा जरूर भेटा. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान मोठेपणीही होतं आणि त्यावर उपचार आहेत.