“दुआ लिपा पंधराव्या वर्षी एकटी लंडनला गेली, मग मी का नाही?”

कुटुंब मूळचं सांगलीकडचं, गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सजवळ. बाबा आयटीत, आई रुग्णालयात नोकरीला, मुलगी पंधरा वर्षांची, इयर ११ मध्ये. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका रात्री जेवताना मुलीने जाहीर केलं की जूनमध्ये जीसीएसई (तिथली दहावीसारखी परीक्षा) संपली की ती लंडनला जाणार, मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीच्या फ्लॅटवर राहणार आणि गाणं करणार. पुढचं शिक्षण बंद. बाबांनी त्याच रात्री तिचा माइक कपाटात ठेवून कुलूप घातलं. पुढचे तीन आठवडे घरात “मीठ दे” आणि “दार लाव” याच्या पलीकडे कोणी बोललं नाही.

“जाऊ द्यायचं की नाही, एवढंच सांगा मॅडम,” हे समुपदेशनाला आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य. परदेशातल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. फक्त गायिकेचं नाव बदलतं. पहिल्या भेटीत त्याचं उत्तर द्यायचं नसतं. “नाही” म्हटलं तर मुलगी तेच चोरून करते, आणि “हो” म्हटलं तर ती दुसऱ्याच्या सोफ्यावर जाऊन पडते. शिवाय मुलीचा मुद्दा कच्चा नव्हता. तिच्याकडे दाखला होता: ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपा, पंधरावं वर्ष, लंडन, एकटी. हा दाखला खोडायचा नाही, पूर्ण वाचायचा, असं ठरलं.

तिघांशी वीस-वीस मिनिटं वेगवेगळं बोलणं झालं. मग टेबलावर ए-फोर कागद आडवा ठेवला. वर एक रेघ दुआ लिपाची, खाली एक मुलीची. वरची रेघ मुलीनेच भरायची, कारण माहिती तिलाच. अट एक: वर्ष आणि घटना लिहायची, विशेषणं नकोत.

वरची रेघ अशी भरली गेली. १९९५, जन्म लंडनमध्ये. आईवडील १९९२ मध्ये कोसोव्होतून आलेले; वडील तिकडे रॉक बँडमध्ये गायचे. प्राथमिक शाळेत गायनवृंदाच्या चाचणीत नापास. नवव्या वर्षापासून सिल्व्हिया यंग थिएटर स्कूलचे अर्धवेळ वर्ग. २००८ मध्ये कुटुंब कोसोव्होच्या राजधानीत, प्रिश्टिनाला परत गेलं. पंधराव्या वर्षी ती लंडनला परतली, घरच्यांच्या ओळखीतल्या मुलीसोबत राहिली, पार्लमेंट हिल शाळेत शिकत राहिली आणि शनिवार-रविवारचे गाण्याचे वर्ग पुन्हा धरले. इंटरनेटवर दुसऱ्यांची गाणी गाऊन टाकणं, थोडं मॉडेलिंग, रेस्तराँमध्ये काम. ए-लेव्हल (तिथली बारावी) पूर्ण. २०१४ मध्ये वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी करार, २०१५ मध्ये पहिलं गाणं बाजारात. पहिला अल्बम सप्टेंबर २०१६ मध्ये यायचा होता. तो आधी फेब्रुवारी २०१७ वर आणि मग जूनवर गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘न्यू रूल्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर.

इथे मुलगी थांबली. तिने बोटांवर मोजलं. पंधरा ते बावीस.

“परतली” हा शब्दही तिनेच लिहिला होता, आणि तिच्या लक्षात नव्हतं आलं. लंडन हे दुआ लिपाचं जन्मगाव. तिथली भाषा, बस, शाळा, गाण्याचा वर्ग सगळं आधी झालेलं होतं. उडी दिसते ती पंधराव्या वर्षाची, पण पाय रोवले होते नवव्या वर्षी.

मग खालची रेघ. मोबाइलवर गायलेली चौदा गाणी, अर्धवट लिहिलेली तीन, पाचव्या ग्रेडपर्यंत गायन, लंडनमध्ये ओळखीचं एक घर आणि तेही भाड्याचं. ही रेघ बाबांनी वाचली आणि “बघ, काहीच नाही,” असं बोलून गेले. इथे त्यांना थांबवावं लागलं. नवव्या वर्षापासून वर्ग हवेत असा काही नियम नाही, आणि पंधराव्या वर्षी चौदा गाणी पूर्ण गाऊन टाकणं म्हणजे काहीच नाही असं नसतं. पालकांची मोठी चूक बहुतेक वेळा नकारात नसते, या एका “बघ”मध्ये असते.

आई तोवर गप्प होती. दुआ लिपा म्हणजे कोण हे तिला बहिणीमुळे ठाऊक होतं: ठाण्याची भाची ३० नोव्हेंबर २०२४ ला बीकेसीतल्या कार्यक्रमाला गेली होती आणि तिने व्हिडिओ पाठवला होता. त्यात दुआ लिपाच्या ‘लेव्हिटेटिंग’ची सरमिसळ १९९९ च्या ‘बादशाह’मधल्या ‘वो लडकी जो’शी केलेली. ते गाणं आईच्या कॉलेजच्या दिवसांतलं. ती दोन ओळी गुणगुणली आणि मुलीने तीन आठवड्यांत पहिल्यांदा आईकडे पाहिलं. त्या सरमिसळीवरून मूळ गायक अभिजीत आणि संगीतकार अनू मलिक यांचं नाव कोणी घेत नाही, अशी तक्रार नंतर अभिजीतच्या मुलाने केली होती. तो धागा पुढे फार उपयोगी पडला.

कारण दुसऱ्या भेटीत विषय निघाला पैशाचा. “गाणं हिट झालं की पैसे येतात” एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘न्यू रूल्स’ दुआ लिपाने लिहिलेलं नाही. ते तीन वेगळ्या लोकांनी लिहिलं आहे. एका गाण्यातून दोन वेगळ्या वाटांनी पैसा येतो: ध्वनिमुद्रणाचा आणि रचनेचा. दुसरी वाट लिहिणाऱ्याची आणि चाल लावणाऱ्याची. कितीही छान गायलं तरी ती गाणाऱ्याला मिळत नाही. म्हणून गायिका-गीतकार व्हायचं असेल तर लिहिण्याचे तास गाण्याच्या तासांपेक्षा जास्त हवेत. मुलीच्या वेळापत्रकात लिहिणं शून्य होतं.

डान्स-पॉपमध्ये लिहिणं बहुतेक वेळा तयार ठेक्यावर होतं. आधी ड्रम आणि बास, मग त्यावर चाल, शब्द शेवटी. दुआ लिपाच्या ‘डोन्ट स्टार्ट नाऊ’चा ठेका मिनिटाला १२४ ठोक्यांचा, ‘लेव्हिटेटिंग’चा १०३. मुलगी तालाशिवाय कविता लिहायची आणि मग ती १२४ वर बसवायला जायची. अक्षरं मावायची नाहीत, श्वास तुटायचा, आणि दोष ती आवाजाला द्यायची. उपाय साधा: आठ मात्रांच्या चार आवर्तनांचा ठेका फिरत ठेवायचा, पहिली दहा मिनिटं नुसतं “ना-ना” गायचं, फोनवर टिपायचं, आणि दुसऱ्या दिवशी जी चाल न ऐकता आठवेल तेवढीच ठेवायची.

ध्वनिमुद्रणातला दोषही असाच सापडला. ती हेडफोनमध्ये ठेका इतका मोठा लावायची की स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. मग सूर उतरायचा आणि हेडफोनमधून गळणारा ठेका माइकमध्ये यायचा. ठेका निम्म्यावर आणायचा, एक कान थोडा मोकळा ठेवायचा (मोकळ्या बाजूचा हेडफोन गालाला दाबून, नाहीतर गळती दुप्पट), माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, पाठीमागे रजई टांगायची, आणि आवाजाची सर्वांत उंच टोकं रेकॉर्डिंगच्या मीटरवर वजा ६ डेसिबलच्या खाली. महागडा माइक लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट बऱ्याच स्वस्त स्टुडिओंपेक्षा बरं ऐकू येतं, आणि गंमत अशी की कुलूप लागलं होतं ते त्याच कपाटाला.

आता लंडनचं. इथे कायदा पालकांच्या बाजूने जितका आहे तितकाच मुलीच्या बाजूने आहे, फक्त दोघांनाही तो ठाऊक नव्हता. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडता येते, पण अठरापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावं लागतं: पूर्णवेळ कॉलेज, अप्रेंटिसशिप, किंवा आठवड्याला २० तास किंवा जास्त काम आणि सोबत अर्धवेळ शिक्षण. “शिक्षण बंद” हा पर्यायच नाही. दुसरं, मुलीचा वाढदिवस ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे जूनअखेर गेली तर ती पंधराचीच. सोळाच्या आतलं मूल जवळच्या नातलगाव्यतिरिक्त कोणाकडे २८ किंवा जास्त दिवस राहणार असेल, तर त्याला खाजगी संगोपन म्हणतात आणि किमान सहा आठवडे आधी स्थानिक कौन्सिलला कळवावं लागतं. मग समाजसेवक घर पाहायला येतो. मैत्रिणीच्या बहिणीला हे सांगितल्यावर तिने स्वतःच माघार घेतली. बाबांना जे तीन आठवडे अबोला धरून जमलं नाही ते एका फोनने झालं. पण त्यांनी ते घरी जिंकल्यासारखं सांगू नये, एवढी विनंती करावी लागली.

क्रॉयडनची ब्रिट स्कूल मुलीच्या यादीत होती. अॅडेल तिथलीच, फी नाही. पण ती रोज जाऊन-येऊन करायची शाळा आहे, लीड्सहून ते शक्य नाही. मग सिल्व्हिया यंगच्या त्या शनिवार-रविवारच्या जागी इथे काय आहे, असा शोध घेतला. लीड्स कॉन्झर्व्हेटॉयरचे अठराच्या आतल्यांसाठी शनिवारचे वर्ग निघाले, आणि जवळच्या कॉलेजात बीटेक संगीत. बीटेक म्हटल्यावर बाबांचा चेहरा खुलला. ती इंजिनीअरिंगची पदवी नव्हे, सोळा वर्षांनंतरचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम आहे, हे सांगताना मुलगी खळखळून हसली.

तिसऱ्या भेटीत एका पानाचा करार झाला. जूनपर्यंत आठवड्याला पाच तास गाणं: चार दिवस अर्धा-अर्धा तास, रविवारी सलग तीन. माइक मुलीच्या खोलीत. सप्टेंबरपासून कॉलेज आणि शनिवारचा वर्ग. आवाज दोन आठवडे बसलेला राहिला तर डॉक्टर. अकाउंट एकच, आईबाबांना दिसणारं, पण त्यांनी तिथे काही लिहायचं नाही. कॉमेंट रात्री वाचायच्या नाहीत. दुआ लिपाच्या एका नाचाच्या क्लिपची जगभर टिंगल झाली होती. २०२२ च्या दौऱ्यात तिने तीच स्टेप मुद्दाम करून दाखवली. मुलीला ही गोष्ट पाठ होती. मधल्या वर्षांत दुआ लिपावर काय गुदरलं असेल, यावर मात्र तिने विचार केला नव्हता.

आणि एक कलम: पैसे मागणारा मेसेज आला तर २४ तास उत्तर द्यायचं नाही, आधी घरात दाखवायचं.

सातव्या आठवड्यात तो आलाच. “प्रोड्यूसर”, ३५० पौंडांत मिक्सिंग आणि एक लाख स्ट्रीमची हमी. तिने आईला दाखवला. विकत घेतलेले स्ट्रीम पकडले गेले की वितरक गाणं काढून टाकतात आणि पैसे रोखतात. शिवाय स्पॉटिफायवर वर्षाला १,००० स्ट्रीमच्या खालच्या गाण्याला २०२४ पासून ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत, म्हणून नव्या मुलांना हे आमिष बरोबर लागतं. खरा मॅनेजर आगाऊ पैसे मागत नाही; तो कमाईतले साधारण १५ ते २० टक्के घेतो. अठराच्या आतल्यांचा करार त्यांच्या हिताचा नसेल तर टिकत नाही, म्हणून कागदावर पालकांची सही मागतात. ती सही वकिलाला दाखवल्याशिवाय करायची नाही; म्युझिशियन्स युनियन सभासदांचे करार तपासून देते.

कलम मोडलं ते बाबांकडून, माइकचं. गणिताच्या सराव परीक्षेत गुण घसरले आणि माइक पुन्हा कपाटात गेला. चौथी भेट पूर्ण त्यावरच खर्ची पडली. करारात तास होते, गुण नव्हते. गाण्याला गुणांचं बक्षीस केलं की मूल अभ्यास गाण्यासाठी करतं, आणि एका वाईट पेपरात दोन्ही हरवून बसतं. गणितासाठी गणिताची शिकवणी लावायची. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्या वडिलांनी माझी हार्मोनियम विकली होती, दहावीला.” हे मुलीने पहिल्यांदाच ऐकलं.

मे महिन्यात तिचं पहिलं पूर्ण गाणं झालं. ठेका वर्गातल्या मित्राचा, चाल आणि शब्द तिचे. दोघांना सांगितलं होतं की वाटणीचा कागद त्याच दिवशी करायचा, कारण गाणं चाललं की कोणाला काय आठवेल याचा नेम नसतो. जेवणाच्या टेबलावर कागद झाला: गाण्याचं नाव, तारीख, दोन्ही नावं, टक्के, सह्या. ध्रुवपदातला एक शब्द बाबांनी सुचवला होता, येता-जाता, स्वयंपाकघरातून. तिने तिसरी ओळ आखली आणि त्यांच्यासमोर ५ लिहिलं.

“पाच टक्के म्हणजे किती गं?”

“आत्ता शून्य पौंड, बाबा. सही करा.”

पुढची भेट सप्टेंबरात, कॉलेजचा पहिला आठवडा झाल्यावर. त्या वेळी शनिवारच्या वर्गाचं वेळापत्रक आणि लंडनची नवी रेघ आणायची आहे: अठराव्या वर्षी जायचं तर राहायला कुठे, शिकायला काय आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं कशातून.